प्रवर्तकांचा हिस्सा वाचायला शिकताना

सुरुवात अगदी योग्य प्रश्नाने केलीत: कारखान्याचा मालक कोण, आणि नफा शेवटी कुणाकडे जातो? शिकण्याच्या पहिल्या वर्षी, शेअर बाजारात नोंदलेल्या पाच-सहा भारतीय कारखानदार कंपन्याच घ्या. त्यांचा भागधारणेचा तक्ता, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत त्याची यादी, दर तिमाहीला जाहीर होतो, तो आधी उघडा.

तीनच गोष्टी पाहा:

१. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या किंवा तिच्यावर ताबा असलेल्या मालकांचा, हिस्सा किती, आणि त्यातले किती शेअर कर्जासाठी तारण आहेत. तारण वाढत असेल तर कारण शोधा.

२. संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तक आणि त्यांच्या इतर कंपन्या यांसारख्यांशी, झालेले व्यवहार. वार्षिक अहवालातली ही टीप कंटाळवाणी वाटते, पण मला सगळ्यात जास्त तिनेच शिकवलं. मारुती सुझुकीचंच घ्या. गुजरातचा नवा कारखाना मारुतीचा नव्हे, तर पूर्णपणे तिची प्रवर्तक असलेल्या जपानच्या सुझुकीच्या मालकीचा असेल, असं 2014 मध्ये जाहीर झालं. मारुतीचे शेअर असलेल्या म्युच्युअल फंडांनी आक्षेप घेतला, अटी बदलल्या, आणि 2015 मध्ये छोट्या भागधारकांचा कौल घेतला गेला. पुढे 2023 मध्ये मारुतीनेच तो कारखाना विकत घेतला. हे प्रकरण मुळापासून वाचाच.

३. गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा, दहा वर्षांचा.

नवखे हमखास चुकतात ते इथे: प्रवर्तकांचा हिस्सा मोठा म्हणजे कंपनी चांगली, असं धरून चालतात. लार्सन अँड टुब्रोला तर प्रवर्तकच नाही! शिवाय एका वर्षाच्या नफ्यावरून मालकाला गुण देऊ नका. पोलादाचे भाव चढले की पोलाद बनवणाऱ्या जवळपास सगळ्यांचाच नफा वाढतो.

संख्याशास्त्रीय सूत्रं सध्या बाजूला ठेवा. अडलात तर तक्ता घेऊन या, सोबत वाचू.