तुमचे प्रश्न : पोटमाळ्यावरची आंबट रिळं

प्रश्न : ताई, आम्ही गिरगावातल्या चाळीत राहतो, रिडेव्हलपमेंटसाठी खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर आजोबांची ८ एमएमची रिळं सापडली, काकाची मुंज, चाळीचा गणपती असलं सगळं. डबे गंजलेत, झाकण काढलं की आंबट वास नाकात जातो, वर पांढरी बुरशी. भावाने एक तुटलेलं रीळ सेलोटेपने जोडलं तर ते पुढच्याच फुटावर तुटलं. चोरबाजारातून प्रोजेक्टर आणावा म्हणतोय. आई म्हणते टाकून द्या, घरात जागा नाही. काय करू?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : प्रोजेक्टरचं आधी डोक्यातून काढा. जुनी फिल्म आक्रसते, तिच्या छिद्रांमधलं अंतर कमी होतं आणि प्रोजेक्टरचा पंजा ती फराफरा फाडत जातो. ५० फुटांच्या रिळात ४,००० फ्रेम असतात, म्हणजे जेमतेम चार मिनिटं, त्यातली मिनिटभर तरी मशीनच खाईल.

तो वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेट बेस, म्हणजे चित्राखालची प्लास्टिकची पट्टी, सडतोय. उकाडा आणि दमट हवा यांनी त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, बंद डब्यात कोंडलेलं ॲसिड आणखी ॲसिड तयार करतं, गंज त्यात भर घालतो, आणि आपल्या मुंबईच्या पावसाळ्याबद्दल काय बोलावं! कितीही पुसलं तरी हे बरं होत नाही, फक्त हळू करता येतं, आणि लोक नेमके इथेच वैतागतात. वासाची रिळं बाकीच्यांपासून वेगळी करा, पत्र्याचे डबे फेका. फ्रिजमध्ये ठेवायची तर घट्ट बंद पिशवीत, आणि बाहेर काढल्यावर पिशवी काही तास उघडायची नाही, नाहीतर फिल्मवर दव धरतं. जुनी फिल्म भडकते ही भीती मात्र सोडा, ती चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मवरच्या जुन्या सिनेमांची गोष्ट, ८ एमएम ही तशी न भडकणारी सेफ्टी फिल्मच असते.

आता बुरशी. पाण्याचा थेंबही नको, चित्र जिलेटिनच्या थरात असतं, तो फुगून फडक्याबरोबर निघून येतो. मास्क लावून, गॅलरीत बसून आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, आणि आधी सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर ट्राय करा. जवळपास गॅस पेटलेला नको. कडेला तपकिरी साउंडची पट्टी असेल तर ते रीळ तसंच राहू द्या. बुरशीने खाल्लेलं चित्र परत येत नाही, त्यामुळे जोर लावून घासू नका.

सेलोटेपचा गोंद पाझरून वरच्या वेढ्याला चिकटतो, तो अल्कोहोलने हळूहळू सोडवा. जोड द्यायला छिद्रंवाली स्प्लायसिंग टेपच लागते. फिल्म सिमेंटने, म्हणजे फिल्म जोडायच्या द्रावणाने, जोडायचं तर आधी चित्राचा थर खरवडावा लागतो, इतक्या ठिसूळ फिल्मवर तो उद्योग मी तरी करणार नाही.

स्कॅनिंगवाल्याला एकच विचारा, मशीन छिद्रांत दात न घालता फिल्म ओढतं का? भिंतीवर प्रोजेक्ट करून मोबाईलने शूट करणारे असतात, तिथून सरळ परत या. फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून मुंबईत जतनाचं काम करतंय, सल्ल्यासाठी तिथे विचारून बघा. आणि आईंना सांगा, सगळी रिळं मिळून मिक्सरच्या खोक्यात मावतील.

प्रश्न : १६ एमएमची रंगीत प्रिंट पूर्ण लालसर झालीये, धुऊन रंग येतील का?
– एक वाचक, दादर

उत्तर : नाही येणार. त्यातला निळसर रंग आधी उडतो, मग लालच उरतो. स्कॅन केल्यावर कॉम्प्युटरवर थोडंफार सावरता येतं.