परभणीच्या उन्हाळ्यात घरी कोल्ड ब्रू कॉफी (गार पाण्यात तासन्‌तास भिजवून केलेली) कशी करायची? मशीन लागतं का?

मशीन नको. काचेची बरणी आणि स्वच्छ सुती फडकं बास. 100 ग्रॅम भरड कॉफी, 800 मिली गार पाणी. ढवळायचं, झाकण लावायचं, 12 ते 16 तास ठेवायचं, मग गाळायचं. रेसिपीत 'खोलीच्या तापमानाला' लिहिलेलं असलं तरी ते आपल्या मे महिन्यातल्या खोलीसाठी नाही. बरणी फ्रिजमध्येच ठेवा.

खरी मेख दळण्यात आहे. जाड रव्याएवढी भरड हवी. बारीक पूड घेतली तर गाळता गाळता जीव जातो, वर चव कडवट. इन्स्टंट पावडर तर सोडाच, ती विरघळून जाते, भिजवणार काय? दुकानातल्या फिल्टर कॉफीत बऱ्याचदा चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेली असते. पाकीट वाचून बिनचिकोरीची घ्या, नाहीतर कर्नाटकातल्या चिकमगळूरकडची ऑनलाइन मागवा, तिथं कॉफीचे मळे आहेत.

गाळताना फडकं पिळू नका, गाळ उतरतो. निघालेला अर्क चांगलाच कडक असतो, त्यात तेवढंच पाणी किंवा दूध आणि बर्फ घाला. उरलेला फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, दूध मात्र पिताना घालायचं. गरम पाणी नसल्यानं आंबटपणा कमी लागतो, साखरही कमी पुरते. पण कॅफीन भरपूर असतं, तेव्हा संध्याकाळनंतर जरा बेतानं.