आठ बटणांचा डबा आणि दीड लाखाचं कोटेशन

नाशिकहून एका वाचकांनी फेब्रुवारीच्या सुरुवातीला लांबलचक पत्र आणि सोबत फिटरच्या कोटेशनचा फोटो पाठवला. पत्राचा गोषवारा असा: वय ३४, हातात पगार ९२ हजार. पत्नीने मुलीसाठी सध्या नोकरी सोडली आहे, मुलगी साडेतीन वर्षांची. फोर बाय फोर गाडी घेऊन तीन वर्षं झाली, कर्जाचा हप्ता २१,४०० आणि असे १९ हप्ते बाकी. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, १० हजार. घरखर्च ५७,६०० धरला तर महिन्याला ३ हजार उरतात. अडीअडचणीसाठी १ लाख १० हजार बँकेत, आणि ‘गाडीसाठी’ म्हणून वेगळे काढलेले २० हजार. वर्षातून सहा-सात वेळा भंडारदरा, पवना, इगतपुरीकडे मुक्कामी जातात, सगळ्या मिळून साधारण नऊ रात्री. आता त्यांना गाडीवर दिवे आणि इतर वस्तू बसवून त्या तंबूत बसून मोबाइलवरून चालू-बंद करायच्या आहेत. कोटेशन १ लाख ५६ हजारांचं. एसआयपी वर्षभर थांबवून बारा महिन्यांच्या ‘नो-कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या, हप्त्यावर घ्यावं का, असा प्रश्न आहे.

सुरुवातीलाच सांगतो, तुमची हौस मला फालतू वाटत नाही. पावसात तंबूची चेन उघडून चिखलातून गाडीपर्यंत जायचं, अंधारात दाराचं हँडल चाचपायचं आणि तोवर आत मूल रडायला लागायचं, हे मीही केलेलं आहे. उशाशी ठेवलेल्या मोबाइलवर बोट टेकवलं आणि बाहेर उजेड पडला, या सोयीला किंमत आहे. ती किंमत १ लाख ५६ हजार आहे का, एवढंच बघायचं.

कोटेशनमधल्या ओळी एकेक घेऊ. आठ बटणांचा ब्लूटूथ स्विच पॅनल, म्हणजे मोबाइलवरून या वस्तू चालू-बंद करणारा डबा, २४ हजार. टपावरचा लाइट बार (प्रखर दिव्यांची लांब पट्टी) आणि बॉनेटजवळचे दोन दिवे मिळून १८ हजार. छताच्या पडद्याखालचे कॅम्प लाइट ९ हजार. कॉम्प्रेसरवाला फ्रिज ४२ हजार. दुसरी लिथियम बॅटरी आणि तिचा चार्जर ४८ हजार. वायरिंग आणि मजुरी १५ हजार.

तुम्ही पत्रात पॅनलबद्दल दोन पानं लिहिलीत आणि फ्रिजबद्दल दीड ओळ. पैसे मात्र उलट्या बाजूला आहेत. फ्रिज ४५ वॉटचा आहे. मे महिन्यात कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालतो असं धरलं, तर सरासरी दोन अँपिअरच्या आसपास करंट खातो, म्हणजे दहा तासांत एकोणीस-वीस अँपिअर-तास (बॅटरीतला साठा मोजायचं माप). अठरा वॉटचे दोन कॅम्प लाइट चार तास जाळले तर आणखी बारा. एका रात्रीत एकतीस-बत्तीस अँपिअर-तास गेले. गाडीची मूळ बॅटरी ६५ अँपिअर-तासांची धरा. ती स्टार्टर मारण्यासाठी बनवलेली असते, निम्म्याहून खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे पहिली रात्र कशीबशी निघेल आणि दुसऱ्या सकाळी किल्ली फिरवल्यावर फक्त टकटक ऐकू येईल. म्हणून दुसरी बॅटरी आली. दुसरी बॅटरी आली म्हणून चार्जर आला. फिटरने तुम्हाला फसवलेलं नाही, त्याचं गणित बरोबर आहे. पण हे सगळं फ्रिजच्या मागे लागून आलं आहे, दिव्यांच्या नाही.

१ लाख ५६ हजारांपैकी ९० हजार गारव्याचे. पाच वर्षांत पंचेचाळीस रात्री धरल्या तर रात्रीला २ हजार रुपये. कॅम्पवाल्यांच्या तयार तंबूत तुम्ही माणशी १,२०० देता असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे जवळपास दोन माणसांचा मुक्काम एका फ्रिजच्या भाड्यात. मुलीच्या दुधाचा मुद्दा तुम्ही काढलात. न उघडलेलं टेट्रापॅकचं दूध फ्रिजशिवाय टिकतं. लहान पाकिटं घ्या, एका वेळी एक उघडा आणि संपवा. बाकी भाज्या, दही आणि तुम्ही लाजून ‘इतर पेय’ लिहिलंय ते, यांना तीन हजारांचा जाड भिंतीचा आइस बॉक्स आणि घोटीच्या बाजारातून घेतलेला बर्फ दोन दिवस पुरतो.

आता लाइट बार. इथे माझं मत खर्चापेक्षा कायद्यामुळे ठाम आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परवानगीशिवाय फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात सांगितलं की, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल होईल असा फेरफार चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला एकेका फेरफारासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘कोणी धरत नाही हो’ हे फिटरचं वाक्य मला माहीत आहे. धरलं की फिटर तिथे नसतो. आणि कसारा घाटात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो बार गेला तर दंड ही सगळ्यात छोटी भानगड असेल.

शिवाय तुम्ही लिहिलंय, ‘जूनच्या आधी बसवायचं आहे, काजव्यांना जायचंय’. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजवे बघायला जाताना टपावर सर्चलाइट? नर काजवा मादीला बोलावण्यासाठी लुकलुकतो. आपल्या उजेडात त्याचं बोलावणं बुडून जातं. त्या रात्री तुमच्या पॅनलवरचं सगळ्यात महत्त्वाचं बटण ‘सगळं बंद’ हे असायला हवं. असो.

विम्याकडे या. बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं पॉलिसीत वेगळी दाखवावी लागतात आणि त्यांच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम हा जुना दर बहुतेक ठिकाणी अजून चालतो. तुमच्या कोटेशनमधल्या पक्क्या बसणाऱ्या वस्तू ९९ हजारांच्या. म्हणजे पहिल्या वर्षी ३,९६० आणि वर जीएसटी, साधारण ४,६७०. हा आकडा कोटेशनमध्ये कुठेच नाही. दाखवलं नाही आणि उद्या वायरिंगमधून आग लागली, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा तीच वायर बघणार. गाडीची वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचाही कागद काढा. मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापून जोड दिलेला दिसला की विजेच्या भागांचा दावा अडू शकतो. आणि गाडी विकताना या सगळ्याचे पैसे मिळतील या भ्रमात राहू नका. घेणारा टपाला पाडलेली भोकं मोजतो.

हप्त्याबद्दल. नो-कॉस्ट म्हणजे काय, हे तुमच्याच फिटरने कोटेशनच्या तळाशी लिहून ठेवलंय: ‘रोख दिल्यास ८ टक्के सूट’. म्हणजे माल १,४३,५२० चा आहे. हप्त्याने घेतलात तर १,५६,००० भराल, आणि बँक मधल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावेल, ते पंधरा टक्के व्याजदराने साधारण २,३००. प्रोसेसिंग फी वेगळी. ती सोडली तरी चौदा-पंधरा हजार जास्त गेले. व्याजाच्या भाषेत सांगायचं तर हे साडेअठरा टक्क्यांचं कर्ज झालं, फक्त पाटीवर शून्य लिहिलेलं.

एसआयपी थांबवण्याबाबत आम्हा सल्लागारांकडे एक ठरलेलं भाषण असतं: वर्षाचे १ लाख २० हजार पंधरा वर्षं १० टक्क्यांनी वाढले तर पाच लाख होतात, एवढं तुम्ही गमावताय! मी ते भाषण देणार नाही. पंधरा वर्षांनंतरचे पाच लाख म्हणजे महागाई वजा जाता आजचे सव्वादोन लाख, आणि १० टक्के मिळतीलच असं कोणी लिहून देत नाही. वर्षभर एसआयपी थांबवून माणूस बुडत नाही.

मला टोचतंय ते दुसरं. घरखर्च आणि गाडीचा हप्ता मिळून महिन्याला ७९ हजार लागतात आणि हाताशी आहेत १ लाख १० हजार. दीड महिनाही नाही. पगार एकट्याचा. अशा घरावर गाडीच्या २१,४०० शेजारी आणखी १३ हजारांचा हप्ता ठेवायचा म्हणजे ९२ हजारांतले साडेचौतीस हजार दर महिन्याला आधीच बांधलेले. नोकरीत एक तिमाही वाईट गेली तर फ्रिज विकून काही येणार नाही. म्हणून माझं उत्तर: एवढं सगळं नको, हप्त्यावर तर अजिबात नको, आणि एसआयपीला हात लावू नका.

पण काहीच घेऊ नका असंही म्हणत नाही. तुमच्याच कोटेशनच्या मागच्या पानावर चार बटणांच्या पॅनलचा पर्याय आहे, ११,५०० चा. तो घ्या. आठ बटणांच्या पॅनलची खोड अशी की रिकामं बटण गप्प बसू देत नाही. माझ्या एका मित्राच्या पॅनलवर सहावं बटण वर्षभर मोकळं होतं, शेवटी त्याने तिथे भोंगा जोडला. त्यासोबत लोहचुंबकाने चिकटणारे, काढून ठेवता येणारे दोन कॅम्प लाइट ५,५००. वायरिंग, मेन फ्यूज आणि मजुरी ६,५००. आइस बॉक्स ३ हजार. बेरीज २६,५००. गाडीचे वेगळे २० हजार आहेतच, महिन्याला उरणारे ३ हजार तीन महिने घातले की मेमध्ये रोख तयार. फिटर सूट देईल ती वेगळी. विम्यात दाखवायचे १८ हजार, जादा प्रीमियम साडेआठशेच्या आसपास. अडीअडचणीच्या पैशाला धक्का नाही. १९ हप्ते संपले की २१,४०० मोकळे होतील. पहिले काही महिने ते बँकेतल्या शिलकीत घाला, निदान चार महिन्यांचा खर्च साठू द्या, मग फ्रिजचा विषय पुन्हा काढा. तोवर कदाचित तुम्हालाच बर्फ आवडायला लागेल.

पॅनल निवडताना दोन-तीन गोष्टी जपा, कारण स्वस्तात घेतलेला डबा परत घ्यावा लागला तर वरचं सगळं गणित फुकट. पहिली, मोबाइलशिवायही चालणारं, तारेने जोडलेलं छोटं कीपॅड हवंच. साम्रदला एका मुक्कामी आमच्यातल्या एकाच्या फोनचं चार्जिंग संपलं. दिवे लागलेले, ॲप त्याच फोनमध्ये आणि गाडीत साधं बटण नाही. शेवटी बॉनेट उघडून दातांत टॉर्च धरून फ्यूज उपसला. दुसरी, दरीत रेंज नसली तरी ब्लूटूथ चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही. पण काही ॲप लॉगिनसाठी नेट मागतात. फोन एअरप्लेन मोडवर टाकून, फक्त ब्लूटूथ चालू ठेवून दुकानातच करून बघा. तिसरी, बॅटरीचा व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेला की आपोआप तोडणारी सोय आहे का, ते विचारा.

आणि जोडणी झाल्यावर फिटरला सगळे पैसे लगेच देऊ नका, दोन हजार हातात ठेवा. सगळे दिवे बंद, गाडी बंद, दारं लॉक, पंधरा मिनिटं थांबा. मग त्याला पॅनलच्या मुख्य तारेत करंट मोजायचा मल्टिमीटर लावायला सांगा. ब्लूटूथचा डबा झोपेतही तुमच्या फोनची वाट बघत जागा असतो आणि थोडा करंट पीत राहतो. २० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला अर्धा अँपिअर-तास, गाडी दोन आठवडे उभी राहिली तर जवळपास सात. तेवढं चालतं. मीटरवर १०० दिसले तर दोन आठवड्यांत तेहतीस-चौतीस जातील आणि सोमवारी ऑफिसला रिक्षाने जावं लागेल. आकडा तिसाच्या खाली असेल, तर ते दोन हजार देऊन टाका.