क्रांती आणि यादवी युद्धाच्या धामधुमीत सिनेमा बनवणाऱ्या लोकांवरचा एखादा चांगला सिनेमा सुचवाल का?

निकिता मिखालकोवचा १९७६ सालचा 'अ स्लेव्ह ऑफ लव्ह' बघा, मूळ रशियन नाव 'राबा ल्युब्वी'. हा विषय निघाला की मी दरवेळी हाच सुचवते.

काळ १९१७च्या रशियन क्रांतीनंतरचा. मॉस्को बोल्शेविकांच्या, म्हणजे क्रांती करणाऱ्या कम्युनिस्टांच्या हातात गेलंय आणि दक्षिणेकडचं एक गाव अजून त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या व्हाइट फौजेकडे आहे. तिथे मॉस्कोहून आलेलं एक युनिट मूकपटाचं शूटिंग करतंय, म्हणजे खरं तर खोळंबून बसलंय कारण कच्ची फिल्मच नाहीये, आणि मला हेच फार आवडतं, बाहेर काय चाललंय ते आधी या टंचाईतूनच कळतं. दिग्दर्शक हवालदिल, निर्माता घायकुतीला आलेला, हिरो मॉस्कोतच राहिलाय आणि हिरॉइन ओल्गा त्याची वाट बघत बसलीये, बाकी सगळ्यांच्या आपल्या बागेत गप्पा आणि रुसवेफुगवे. कॅमेरामन पोतोत्स्की मात्र गुपचूप भलतंच शूट करतोय, व्हाइट फौजेने लोकांचे जे हाल चालवलेत ते.

एकदा तो ओल्गाला ती रिळं दाखवतो. पडद्यावर रडायचं काम करणारी ही बाई पडद्यावर खरोखर मारली जाणारी माणसं बघते. तेव्हा ओल्गा झालेल्या एलेना सोलोवेयचा चेहरा बघा. ओल्गा बावळट वाटते असं काहीजण म्हणतात, मला अजिबात पटत नाही, राजकारणाशी काही देणंघेणं नसलेलं माणूस असंच हळूहळू जागं होतं.

ओल्गा बेतलीये वेरा खोलोद्नायावर, रशियन मूकपटांची त्या काळातली सगळ्यात मोठी स्टार. तीही १९१८मध्ये शूटिंगसाठी ओडेसाला गेली आणि फेब्रुवारी १९१९मध्ये तिथेच स्पॅनिश फ्लूने वारली, वय फक्त २५. तिचे बहुतेक सिनेमे आज कुठेच नाहीत, पण तिच्या अंत्ययात्रेचं चित्रण शिल्लक आहे, ती गर्दी बघून गलबलून येतं. सिनेमातल्या ओल्गाचं पुढे वेगळंच होतं. ते सांगत नाही, ट्राम आली की नीट बघा एवढंच.

एक गोष्ट खटकते, सिनेमा सोव्हिएत काळातला असल्यामुळे सगळं क्रौर्य व्हाइट लोकांच्याच खात्यात, रेड म्हणजे बोल्शेविक बाजूच्या अत्याचारांबद्दल चकार शब्द नाही. तेवढं लक्षात ठेवून बघा. मॉसफिल्म या रशियन स्टुडिओच्या यूट्यूब चॅनलवर त्यांचे बरेच जुने सिनेमे आहेत, तिथे शोधा, आणि हेडफोन लावूनच बघा कारण एदुआर्द आर्तेम्येवचं संगीत फोनच्या स्पीकरवर वाया जाईल.