अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे चांगले खेळाडू बोल गेम (हंगाम संपल्यावरचा निमंत्रणाचा एकच सामना) खेळायला नकार देतात, हा संघाशी द्रोह नाही का? एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, संघ अशा मुलांना घेताना कचरत नाहीत का?

नाही, आणि नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण ते सरळ आहे. २०१६ च्या डिसेंबरात एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) लिओनार्ड फोर्नेटने सिट्रस बोल सोडला आणि स्टॅनफर्डच्या क्रिश्चन मॅकॅफ्रीने सन बोल. टीव्हीवरच्या मंडळींनी आकाशपाताळ एक केलं. एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला (एनएफएलचे संघ राउंडराउंडने, क्रमाने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो), त्यात फोर्नेट चौथा गेला, मॅकॅफ्री आठवा. १ जानेवारी २०२२ चा रोझ बोल ओहायो स्टेटच्या गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावेने सोडला, ते दहावे आणि अकरावे गेले. त्यांच्या गैरहजेरीत जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने ३४७ यार्ड काढले आणि ओहायो स्टेट ४८-४५ ने जिंकलं. म्हणजे संघाचंही काही बुडालं नाही, उलट मागच्या पोराला संधी मिळाली. एनएफएलचे संघ कोट्यवधी डॉलर मोजतात ते धडधाकट गुडघ्यासाठी. एक सामना सोडला म्हणून ते नाक मुरडत नाहीत.

आता द्रोहाबद्दल. हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

पीएचडी करत असताना मी मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात खेळाडू मुलांची स्टॅटिस्टिक्सची शिकवणी घ्यायचो. ॲथलेटिक डिपार्टमेंट तासावर पैसे द्यायचं. फुटबॉलची पोरं संध्याकाळी प्रॅक्टिस आटोपून यायची, दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या, त्यावर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म करकचून गुंडाळलेली. बर्फ वितळला की पाणी पोटरीवरून ओघळून बुटात जायचं. पहाटे वजनं उचलून, मग वर्ग, मग सामन्यांच्या फिल्म बघणं, मग प्रॅक्टिस, आणि त्यानंतर माझ्यासमोर स्टँडर्ड डेव्हिएशन. सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला बजावलं होतं की या मुलांना काहीही द्यायचं नाही, कॉफीसुद्धा नाही, नियमभंग होतो. दिवाळीत आईने पाठवलेला चकलीचा डबा टेबलावर होता. शिकायला बसलेल्या एका पोराने विचारलं, हे काय आहे? मला डबा बंद करून बॅगेत ठेवावा लागला. बोल गेमचे आयोजक मात्र नियमानेच प्रत्येक खेळाडूला ५५० डॉलरपर्यंतच्या भेटी देऊ शकत होते. हेडफोन, घड्याळं, असलं काहीबाही. चकली म्हणजे भ्रष्टाचार आणि हेडफोन म्हणजे परंपरा!

तो कॉर्नरबॅक होता, म्हणजे बचावफळीतला खेळाडू. नाव सांगणार नाही. दक्षिणेतल्या छोट्या गावातला, आईच्या एकटीच्या पगारावर तीन भावंडं. चौथ्या-पाचव्या राउंडमध्ये जाईल असं त्याला सांगण्यात आलं होतं. आमचा एक्स्पेक्टेड व्हॅल्यूचा (शक्यता धरून सरासरी फायदा-तोटा काढायचा) धडा चालू होता आणि पुस्तकातली फाशांची गणितं त्याला कंटाळवाणी वाटत होती. त्याने स्वतःच वहीत लिहिलं, "बोल खेळलो तर" आणि "नाही खेळलो तर". दुखापतीची शक्यता त्याने शंभरात दोन धरली. फायद्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर तो बराच वेळ अडला. पैसे शून्य. ड्राफ्टमधली जागा वर सरकण्याची शक्यता थोडीशी. शेवटी त्याने तिथे "ब्रदर्स" असं लिहिलं आणि मला विचारलं, याची किंमत किती धरू?

मी सल्ला द्यायचा नव्हता, तोही नियमच. पण गणित त्याचं त्याला नीट समजलं होतं, हे मी छातीठोक सांगतो. तो मूर्ख नव्हता.

मग त्याच्या पोझिशन कोचने, म्हणजे त्याच्या जागेवरच्या खेळाडूंना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने, त्याला खोलीत बोलावून घेतलं. आपल्या भावांना ऐनवेळी सोडून जाणारा माणूस आयुष्यभर तसाच राहतो, असं काहीतरी ऐकवलं. पोरगं खेळायचं म्हणालं. आठवड्याभरात त्याच कोचने दुसऱ्या विद्यापीठात जास्त पगाराची नोकरी धरली आणि सामन्याच्या दिवशी तो साइडलाइनवर नव्हताच. त्याला कोणी द्रोही म्हटलं नाही. वर्तमानपत्रात त्याचं अभिनंदन छापून आलं.

सामना मी न्यू जर्सीत दादाच्या घरी पाहिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये वळताना त्याचा पाय टर्फमध्ये अडकला. कोणी धक्काही दिला नव्हता. तो उठून बसला, गुडघ्याला दोन्ही हातांनी धरलं आणि आडवा झाला. एसीएल, गुडघ्यातला मुख्य लिगामेंट फाटला होता. मी उभाच राहिलो. दादा सोफ्यावरून म्हणाला, "खेळ आहे, लागायचंच. फुकट शिक्षण मिळालंय ना त्याला?"

त्या रात्री आमचं जे वाजलं, त्याचे पडसाद घरात अजून आहेत. वहिनीने मध्ये पडून जेवायला वाढलं म्हणून थांबलो.

त्या मुलाला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही. मार्चमध्ये विद्यापीठाच्या प्रो डेला, म्हणजे एनएफएलच्या स्काउटसमोरच्या चाचणीला, बाकीची पोरं चाळीस यार्ड धावत होती तेव्हा तो कुबड्या घेऊन भिंतीशी उभा होता. पुढच्या वर्षी एका संघाने सराव शिबिरापुरतं बोलावलं आणि काढून टाकलं.

माझं एकट्याचं अनुभवाचं गाठोडं नको असेल तर जेलन स्मिथचं उदाहरण घ्या. नोत्र दामचा लाइनबॅकर, पहिल्या पाचात जाणार हे जवळजवळ ठरलेलं. १ जानेवारी २०१६, फिएस्टा बोल, पहिल्याच क्वार्टरमध्ये गुडघ्याचे दोन लिगामेंट फाटले आणि पाऊल उचलणारी नस दुखावली. समोरच्या ओहायो स्टेट संघात एझिकील इलियट होता, त्याने त्या दिवशी चार टचडाउन केले. गंमत अशी की ड्राफ्टमध्ये दोघांनाही डॅलस काउबॉइजनेच घेतलं. इलियट चौथा, स्मिथ चौतिसावा. इलियटचा चार वर्षांचा करार सुमारे अडीच कोटी डॉलरचा, सगळी रक्कम हमीची. स्मिथचा सुमारे ६५ लाखांचा, आणि पहिलं वर्ष त्याने एकही सामना न खेळता काढलं. फोर्नेट आणि मॅकॅफ्रीने त्याच वर्षाच्या शेवटी नकार दिला, तो हे सगळं बघूनच दिला असणार.

विमा असतो म्हणून सांगतील. असतो. मिशिगनचा जेक बट २०१६ च्या ऑरेंज बोलमध्ये जायबंदी झाला, पाचव्या राउंडमध्ये घसरला, त्याला विम्याचे पाच लाख डॉलरहून थोडे जास्त मिळाले. गेलेली कारकीर्द त्यात भरून निघत नाही.

१ जानेवारी २०२२ च्या त्या रोझ बोलच्याच दिवशी ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर समालोचक कर्क हर्बस्ट्रीट म्हणाला की या पिढीतल्या मुलांचं फुटबॉलवर प्रेमच नाही. त्याच रात्री शुगर बोलमध्ये मॅट कोरल, ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठ) क्वार्टरबॅक, ज्याने प्रेमापोटी खेळायचं ठरवलं होतं, घोटा दुखावून बाहेर गेला. तो तिसऱ्या राउंडमध्ये ९४ वा गेला. घसरण निव्वळ घोट्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही, पण प्रेमाचा हिशेब कोणाच्या अंगावर पडतो तेवढं दिसलं. आणि त्याच हंगामात नोत्र दामची प्लेऑफची (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीची) आशा जिवंत असताना त्यांचा मुख्य कोच ब्रायन केली एलएसयूला निघून गेला होता. २०२५ मध्ये मुख्य कोच लेन किफिनने तर प्लेऑफमध्ये पोचलेलं ओल मिस सोडलं.

दादाचाही हिशेब सांगतोच. प्रोजेक्ट गो-लाइव्ह व्हायला पंधरा दिवस असताना त्याने जुनी कंपनी सोडली, कारण नवी कंपनी जॉइनिंग बोनस देत होती. टीममधल्या पोरांनी रात्री जागून काढल्या. आमच्या आईने सांगलीत पेढे वाटले. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. पण मग एकवीस वर्षांच्या पोराला, ज्याला पगारही नव्हता, त्याला निष्ठा शिकवायला जाऊ नये.

आता काही गोष्टी, ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. सगळ्यांनी बोल सोडावा असं मी म्हणत नाही. जो सातव्या, म्हणजे शेवटच्या राउंडच्या काठावर आहे, ज्याला स्काउटनी नीट पाहिलेलंच नाही, त्याने जरूर खेळावं, शेवटचं फुटेज त्याच्या कामी येतं. जेक बट आपल्याला पश्चात्ताप नाही असं सांगतो, त्याचाही मान ठेवतो. प्लेऑफची गोष्ट वेगळी, तिथे विजेतेपद पणाला असतं आणि तिथे मुलं सहसा माघार घेत नाहीत. संघातले पुष्कळजण एकदम गेले तर सामन्याची रया जाते हेही खरं. २०२३ च्या ऑरेंज बोलमध्ये फ्लोरिडा स्टेटचा जॉर्जियाने ६३-३ असा धुव्वा उडवला, तो पाहवत नव्हता. पण फ्लोरिडा स्टेटला एकही सामना न हरता प्लेऑफ नाकारला गेला होता, मग खेळायला उरलं काय होतं?

शिवाय २०२१ पासून मुलांना स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातीसाठी वापरू देण्याचे पैसे मिळतात, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देतात. ज्याला पैसे मिळतात त्याने बोलही खेळावा, हा युक्तिवाद आता करता येतो आणि तो मला मान्य आहे. मग करारात तसं लिहा, गुडघ्याचा पूर्ण विमा विद्यापीठाने उतरवावा, आणि हंगाम संपेपर्यंत हलता येणार नाही हे कलम कोचच्या करारातही घाला. मागच्या दिवाळीत फोनवर दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, कोचची गोष्ट वेगळी. कशी वेगळी, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.