नाशिकला घरीच पहिला गेमिंग पीसी जोडतोय, कॅबिनेट केवढं घेऊ?

तू लिहिलंयस की इंदिरानगरला घरी पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडायचाय, रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड ठरलंय, टेबल चार बाय दोन फुटाचं आहे, आणि आता मोठं एटीएक्स कॅबिनेट घ्यावं, मायक्रो एटीएक्स घ्यावं का ते छोटंसं आयटीएक्स जे दिसायला सगळ्यात भारी वाटतंय, यात अडकलायस. माझं म्हणणं सरळ आहे, मदरबोर्ड मायक्रो एटीएक्स घे आणि कॅबिनेट मिड टॉवर घे, म्हणजे एटीएक्स बोर्डही बसेल असं नेहमीचं उभं, समोरून पूर्ण जाळीचं. पहिल्याच पीसीला आयटीएक्सच्या नादी लागू नको.

बोर्डाची मापं ठरलेली असतात. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटात छोटा बोर्ड आरामात बसतो, स्क्रूची भोकं त्या हिशोबानेच दिलेली असतात, उलटं मात्र होत नाही. तुझ्या प्रोसेसरला बी६५०एम वाला (बी६५० हा चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) मायक्रो एटीएक्स बोर्ड भरपूर झाला, कारण एक ग्राफिक्स कार्ड, दोन रॅम आणि एक-दोन एसएसडी यापलीकडे गेमिंगला काही लावत नाही आपण, एटीएक्स बोर्डावरचे बाकीचे स्लॉट बहुतेकांकडे वर्षानुवर्षं रिकामेच असतात. आयटीएक्समध्ये एकच कार्डाचा स्लॉट, रॅमचे दोनच, आणि तोच चिपसेट असून बोर्ड महाग पडतो. वर बऱ्याच आयटीएक्स कॅबिनेटांना एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) पण छोट्या मापाचा, एसएफएक्स लागतो, तो वेगळा महाग आणि दुकानात हाताशी मिळेलच असं नाही, बिघडला तर मागवून वाट बघत बसायचं.

पण पैशापेक्षा मोठं कारण म्हणजे हात आत जायला हवा. हे व्हिडिओत कळत नाही कारण तिथे जोडणाऱ्याने ते शंभरदा केलेलं असतं. प्रोसेसरला पॉवर देणारी आठ पिनची वायर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते, तिथेच मागचा फॅन, तिथेच कूलरची कड आणि वर कॅबिनेटचा पत्रा. मावसभावाने छोटं कॅबिनेट घेतलं होतं, त्याचा पीसी जोडताना ती वायर शेवटी लावायला गेलो तर दोन बोटं आत जात होती पण क्लिप दाबायला अंगठा जात नव्हता, मग कूलर काढला, वायर लावली, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली, कूलर परत बसवला. मोठ्या कॅबिनेटात तीच वायर सहज लागते (तरी सांगतो, बोर्ड स्क्रूने कसायच्या आधीच ती वरच्या भोकातून ओढून ठेव). खालच्या कडेला पॉवर स्विच, रिसेट आणि लाइटच्या बारीक बारीक पिना असतात, त्या टॉर्च धरून लावायच्या असतात, तिथेही जागा लागतेच. आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला वायरी लपवायला किमान २० मिमी जागा आहे का ते बघ, २४ पिनची वायर जाड असते, जागा नसली तर झाकण फुगतं आणि बंदच होत नाही.

आता कार्ड. ५०६० दोन फॅनचं पण मिळतं आणि तीन फॅनचं पण, दोन फॅनवालं साधारण २०० ते २५० मिमी, तीनवालं ३०० च्या आसपास जातं. कॅबिनेटच्या खोक्यावर ‘कार्ड ३३० मिमीपर्यंत’ लिहिलेलं असतं ते वाचून लोक निश्चिंत होतात, पण तो आकडा बऱ्याचदा समोर काहीच लावलेलं नसताना असतो. समोर फॅन लावला की २५ मिमी गेले. लिक्विड कूलरचा रेडिएटर लावला तर त्याचे २७ आणि फॅनचे २५ मिळून ५२ गेले, म्हणजे ३३० चे उरले २७८ आणि तीन फॅनचं कार्ड अडकलं. तुला तर रेडिएटरची गरजच नाही, ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर आहे, बॉक्समध्ये कूलर येतो, आवाज नको असेल तर साधा टॉवर कूलर घे, तो १५५ मिमीच्या आसपास उंच असतो म्हणून कॅबिनेटला १६० च्या वर जागा हवी. दुकानदार ‘३६० चा लिक्विड कूलर बसतो यात’ म्हणून मोठं कॅबिनेट गळ्यात मारायला लागला तर ऐकू नको, ते पैसे एसएसडीत घाल.

जाळीचं का म्हणतोय तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि घर वरच्या मजल्यावर असेल तर दुपारी स्लॅब तापून खोली भट्टीसारखी होते. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही, मग निदान ती पटापट बदलली तरी पाहिजे. दुकानात सगळ्यात पुढे मांडलेली असतात ती समोर काच आणि आत तीन रंगीत फॅनवाली, त्यात हवा बाजूच्या बारीक फटीतून येते, फॅन ओरडतात पण खेचत काही नाहीत. त्यापेक्षा समोर जाळी, दोन १२० मिमीचे फॅन आत हवा घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, बस एवढं. आत येणारी हवा जास्त ठेवली की ती फिल्टरमधूनच येते, नाहीतर प्रत्येक फटीतून धूळ ओढली जाते. इंदिरानगरला हायवेची धूळ तुला माहितीच आहे, त्यामुळे फिल्टर समोर, वर आणि खाली एसएमपीएसला असा तिन्हीकडे हवा आणि न खोलता ओढून काढता येईल असा हवा, स्क्रू काढावे लागले की कोणी धूत नाही.

टेबलाचं गणित असं. दोन फूट म्हणजे ६१ सेंमी खोली. कॉर्सेअर ४०००डी हे चांगलं मिड टॉवर धर, ते साधारण ४५ सेंमी खोल, २३ रुंद आणि ४७ उंच आहे. मागे एचडीएमआयची वायर वळायला आणि गरम हवा जायला १० सेंमी सोड, झाले ५५, बसतंय. रुंदीत चार फुटातले २३ सेंमी गेले तरी मॉनिटर आणि कीबोर्डला भरपूर जागा उरते. घरी एखादं खोकं कापून त्या मापाचं करून टेबलावर ठेवून बघ, खुर्चीत बस, माउस हलव, लगेच कळेल. आणि उजवीकडे ठेव, बहुतेक कॅबिनेटांची काच डाव्या बाजूला असते, म्हणजे ती तुझ्याकडे येईल. जमिनीवर मात्र ठेवू नको, रोज केर काढताना आणि फरशी पुसताना सगळं खालच्या फिल्टरमध्ये जातं.

टेबलावर ४७ उंच फारच वाटलं तर मायक्रो एटीएक्सचं कॅबिनेट बघ, साधारण ४० सेंमी उंचीची येतात, तेही वाईट नाही, फक्त आत हात घालायची जागा जरा कमी. कूलर मास्टर एनआर२०० सारखं १८ लीटरचं आयटीएक्स मलाही आवडतं, दुसरा पीसी करशील तेव्हा नक्की घे, तेव्हा कुठली वायर कुठे जाते हे हाताला माहिती असेल. आत्ता चार-सहा हजारात फॅनसकट बरं जाळीचं मिड टॉवर मिळतं.

आधी इथल्या दुकानात जाऊन प्रत्यक्ष उघडून बघ, पत्रा दाबून बघ, बोटाने वाकत असेल तर सोड. इथे हवं ते नसेल तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात बघता येतं, पण कॅबिनेटचं खोकं संध्याकाळी गर्दीच्या डब्यातून आणणं फार त्रासाचं आहे, तेवढं एक ऑनलाइन मागवलेलं बरं. आल्यावर काच फुटलेली नाही ना ते बघत खोकं उघडतानाच व्हिडिओ काढ.

५०६० नक्की कुठल्या कंपनीचं आणि कुठलं मॉडेल घेतोयस ते लिही, त्याची लांबी-जाडी बघून तू निवडलेल्या कॅबिनेटात बसतंय का ते सांगतो.