‘श्वास घे’ म्हटलं की जास्तच चिडतो

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. मोबाइल काढून घेतला की धाकट्या बहिणीला मारतो, हाताला लागेल ते फेकतो. शाळेतूनही तक्रार आली. माइंडफुलनेसचा, म्हणजे लक्ष आत्ताच्या क्षणावर आणायच्या सरावाचा, व्हिडिओ पाहून ‘डोळे मीट, खोल श्वास घे’ सांगितलं, तर आणखीच भडकला. मग माझाही आवाज चढतो. काय चुकतंय?
– एक आई, ऐरोली

उत्तर : वेळ चुकतेय. ऐन रागात सांगितलेलं ‘श्वास घे’ मुलाला ‘गप्प बस’सारखंच ऐकू येतं. सराव शांत असताना करायचा, तेव्हा कुठे तो भांडणात आठवतो.

डोळे मिटायची सक्ती नको. मानसशास्त्रज्ञ निर्भय सिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेली तळपायांची पद्धत मुलांना सोपी जाते. खुर्चीवर बसवा, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. आधी काही दिवस रागाचा विषयच काढू नका. बोटं हलव, टाच कुठे टेकलीय बघ, लादी गार लागतेय का? एवढंच. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटं. मग एखादा छोटासा राग आठवायला सांगा, समजा स्कूल बसमध्ये खिडकी मिळाली नाही. राग दाबायचा नाही. येऊ द्यायचा आणि लक्ष तळपायांवर न्यायचं, तो ओसरेपर्यंत. पहिल्याच दिवशी मोबाइलचं भांडण उकरून काढलं की सगळं फिसकटतं. ‘जा, तळपाय कर!’ अशी शिक्षा केलीत तर तो पुन्हा करणारच नाही.

आता तुमचं. नेदरलँड्समध्ये मानसशास्त्रज्ञ सुझन ब्योगल्स यांच्या आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस प्रशिक्षणात मुलांबरोबर पालकांचाही वर्ग असतो, तो उगाच नाही. ऑफिसातून आल्यावर बेल दाबण्याआधी अर्धा मिनिट थांबा: दात आवळलेत का, खांदे वर चढलेत का? घरात आवाज चढतोय असं वाटलं की आधी स्वतःचे तळपाय, मग मुलाशी बोलणं.

याचा अर्थ मारलेलं चालवून घ्यायचं, असा नाही. धाकटीला आधी बाजूला घ्या. मग हळू आवाजात, थोडक्यात : ‘मारायचं नाही. मोबाइल उद्या.’ मोबाइल हिसकावू नका. पाच मिनिटं आधी सांगा आणि त्यालाच ठेवायला लावा.

कुणाला इजा होत असेल, स्वभाव अचानक बदलला असेल किंवा अभ्यासात, झोपेत अडचण दिसत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेवा. बाकावर बसून, बूट न काढता, शेजाऱ्याला कळूही न देता तळपायांचा सराव करता येतो.